शहाण्याने पायरी चढावी

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण मराठी माणसाला कोणी शिकवावी लागत नाही. ती तो घरातच शिकतो. वडिलोपार्जित जमिनीच्या वादात आजोबांच्या चपला झिजल्या, चोरीला गेलेली दुचाकी सापडूनही ती पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडली, साक्षीदार म्हणून नाव दिले आणि पुढची सात वर्षे तारखांना जावे लागले, अशा अनुभवांच्या साठ्यातून ही म्हण पक्की झाली आहे. समाजातील सज्जन माणसाने न्यायव्यवस्थेविषयी बाळगलेला हा अविश्वास आहे आणि त्याचा सर्वांत मोठा लाभार्थी दुर्जन आहे. सज्जन पायरी चढत नाही, हे ठाऊक असलेल्या माणसाला कायद्याचे भय कशासाठी वाटावे?

गेल्या काही काळात घडलेल्या दोन घटनांनी या म्हणीला आव्हान दिले आहे. पहिली घटना राष्ट्रीय आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि भारतीय पुरावा कायदा यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन कायदे लागू झाले. दुसरी घटना आपल्या दाराशी घडली. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील माणसाची उच्च न्यायालयासाठी मुंबईला जाण्याची सक्ती संपली. पहिल्या घटनेने न्यायाचा कालावधी कमी करण्याचे वचन दिले, दुसरीने न्यायाचे अंतर कमी केले. आता प्रश्न उरतो तो एवढाच, की या दोन्हींचा लाभ उचलण्याइतका आपला समाज सिद्ध आहे काय?

कायदा कोणासाठी असतो, हे समजून घ्यायचे तर इतिहासात डोकवावे लागते. १८३४ साली नेमलेल्या पहिल्या विधी आयोगाचे अध्यक्षपद मेकॉलेकडे होते. त्या आयोगाने सिद्ध केलेल्या मसुद्यातून १८६० ची दंड संहिता आली. १८५७ चा उठाव नुकताच चिरडून झाला होता. परक्या राजवटीला या देशातील प्रजा शिस्तीत ठेवायची होती आणि शिस्तीचे साधन म्हणून दंड हवा होता. १८७० मध्ये त्याच संहितेत राजद्रोहाचे १२४-अ कलम घालण्यात आले. त्या कलमाखाली १८९७ आणि १९०८ मध्ये लोकमान्यांना शिक्षा झाली, हे प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. पण त्याच १९०८ साली कोल्हापुरात काय घडले, याचे स्मरण कमी जणांना असते. कोल्हापुरातून निघणाऱ्या 'विश्ववृत्त' मासिकात पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचा वैदिक प्रार्थनांच्या तेजस्वितेवरील लेख प्रसिद्ध झाला. त्या लेखापायी संपादक प्रा. विष्णू गोविंद विजापूरकर यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली तीन वर्षांची शिक्षा भोगावी लागली. वेदांतील प्रार्थनेचा अर्थ सांगणारा लेख ज्या कायद्याने गुन्हा ठरवला, तो कायदा नागरिकासाठी केलेला नव्हता, हे सांगायला आणखी कोणते उदाहरण हवे?

याच करवीरनगरीत याच सुमारास कायद्याचा दुसरा आदर्शही उभा राहत होता. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाला जन्मानेच गुन्हेगार ठरवले होते. चावडीवर हजेरी देण्याचा अपमान पिढ्यान्‌पिढ्या सोसणाऱ्या जातींची ती हजेरी राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात १९१८ मध्ये बंद केली. इंग्रजांचा तो कायदा देशभरातून रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. स्त्रियांचा छळ थांबविण्यासाठी महाराजांनी १९१९ मध्ये कायदा केला. विवाहितेच्या छळासंबंधीचे ४९८-अ कलम दंड संहितेत आले ते १९८३ मध्ये. कायदा कितपत चांगला, हे त्या कायद्यापुढे उभ्या असलेल्या सर्वांत दुबळ्या माणसाला काय अनुभव येतो यावरून ठरते. महाराजांनी घालून दिलेली ही कसोटी आहे आणि नव्या संहितांनाही तीच लावली पाहिजे.

ही कसोटी लावण्यासाठी प्रथम नव्या कायद्यांत सामान्य माणसाच्या हाती काय आले, ते पाहू.

पुण्याहून कोल्हापूरला एसटीने येणाऱ्या एखाद्या गृहिणीची पर्स प्रवासात चोरीला गेली, अशी कल्पना करा. चोरी शिरवळला झाली, साताऱ्याला झाली की कराडला, हे तिला सांगता येत नाही. 'आमच्या हद्दीत घडलेले नाही' हे उत्तर ऐकून फिर्याद न देताच घरी परतणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमानुसार आता गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. ही पद्धत पूर्वी आदेशांच्या आणि परिपत्रकांच्या आधारे चालत असे, आता ती कायद्यात आली आहे. कागल आणि निपाणी यांच्यामध्ये दोन राज्यांची सीमा असल्यामुळे ज्यांना इकडून तिकडे धाडले जाते, त्या सीमाभागातील लोकांना या तरतुदीचे मोल विशेष कळेल. फिर्याद इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही पाठवता येते, मात्र तीन दिवसांच्या आत त्यावर स्वाक्षरी करावी लागते. फिर्यादीला आणि पीडिताला एफआयआरची प्रत विनामूल्य मिळालीच पाहिजे. तपास कुठवर आला, हे पोलिसांनी नव्वद दिवसांच्या आत कळवले पाहिजे. 'साहेब, आमच्या केसचे काय झाले?' असे विचारत ठाण्याच्या खेपा घालणाऱ्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर मागण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे.

साठ वर्षांवरील ज्येष्ठ, पंधरा वर्षांखालील मुलगा, कोणतीही स्त्री, दिव्यांग व्यक्ती किंवा गंभीर आजारी माणूस यांना साक्षीदार म्हणून जबाबासाठी ठाण्यात बोलावण्याची सक्ती करता येत नाही. जबाब त्यांच्या निवासस्थानी घ्यावा लागतो. ज्या गुन्ह्याला तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षा आहे, त्यात साठीवरील किंवा व्याधिग्रस्त व्यक्तीला पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय अटक करता येत नाही. अटक झालेल्यांची माहिती ठेवणारा आणि ती फलकावर लावणारा अधिकारी प्रत्येक ठाण्यात नेमलेला असला पाहिजे. रात्री घरातला मुलगा उचलून नेला आणि सकाळपर्यंत तो कोणत्या ठाण्यात आहे हेच कळत नाही, असा प्रसंग ज्या कुटुंबावर गुदरला आहे, त्याला या साध्या फलकाची किंमत विचारावी.

पंचनाम्याची गोष्टही अशीच आहे. घरझडती आणि जप्ती यांचे ध्वनिचित्रमुद्रण आता बंधनकारक आहे. पंच फितूर झाला, पंचाने कोऱ्या कागदावर सही केली होती, एकच सराईत पंच दहा खटल्यांत उभा राहिला, या कारणांनी आजवर किती खटले कोसळले असतील! आता मोबाईलच्या कॅमेऱ्याने टिपलेले चित्र न्यायालयापुढे बोलेल. ते खऱ्या गुन्हेगाराविरुद्ध बोलेल, तसेच खोट्या जप्तीत अडकवलेल्या निरपराध माणसाच्या बाजूनेही बोलेल. जप्त मुद्देमालाविषयी ४९७ वे कलम सांगते, की तो न्यायालयापुढे आल्यापासून चौदा दिवसांत त्याचे वर्णनपत्र तयार करावे, छायाचित्रे घ्यावीत आणि त्यानंतर तीस दिवसांत त्याच्या विल्हेवाटीचा आदेश द्यावा. गुजरीतील सराफाचे दागिने असोत की इचलकरंजीच्या कामगाराची दुचाकी असो, मालकाने आपली वस्तू परत मिळण्यासाठी खटल्याच्या निकालाची वर्षानुवर्षे वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही.

न्यायालयांनाही कालमर्यादा घालून दिल्या आहेत. दोषारोपावरील पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत आरोपनिश्चिती, सत्र खटल्यात युक्तिवाद संपल्यानंतर तीस दिवसांत आणि लेखी कारण असल्यास पंचेचाळीस दिवसांत निकाल, तसेच आवाक्याबाहेरील कारणासाठीच आणि तेही दोनदाच तहकुबी, अशा त्या मर्यादा आहेत. एफआयआरपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत तीन वर्षांत न्याय मिळेल, असे केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी देशाला सांगितले आहे.

आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असलेला माणूसही नागरिकच असतो. दोष सिद्ध होण्याआधीच कारागृहात खितपत पडलेले कच्चे कैदी हा आपल्या व्यवस्थेवरचा जुना डाग आहे. पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल, तर त्याला जामिनावर सोडावे, असे ४७९ वे कलम सांगते. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले असणाऱ्यांना ही सवलत नाही. न्यायालयाकडे त्यासाठी अर्ज करण्याचे दायित्व कारागृह अधीक्षकावर आहे. १ जुलै २०२४ पूर्वी नोंदलेल्या गुन्ह्यांतील कैद्यांनाही हा लाभ मिळेल, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले. कळंबा कारागृहाच्या भिंतीआड ज्याचा जामीनदार कोणी नाही, अशा माणसाला हे कलम कोण वाचून दाखवणार, हा प्रश्न मात्र उरतोच.

येथवर जे सांगितले, ते स्वागतार्ह आहे. परंतु स्वागताचे हार घालून झाले की डोळे मिटून घ्यावेत, असा याचा अर्थ नाही. किंबहुना ज्यांना हे कायदे यशस्वी व्हावेत असे मनापासून वाटते, त्यांनीच त्यांची तपासणी अधिक कठोरपणे केली पाहिजे.

पहिली शंका प्राथमिक चौकशीची. तीन वर्षे किंवा त्याहून अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत एफआयआर नोंदवण्याआधी उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवस प्राथमिक चौकशी करण्याची मुभा पोलिसांना आहे. खोट्या फिर्यादींना आळा बसावा, हा हेतू योग्यच आहे. पण फिर्याद टाळू पाहणाऱ्या ठाणे अंमलदाराच्या हाती हे 'पंधरा दिवसांनी या' म्हणण्याचे साधनही ठरू शकते. दुसरी शंका पोलीस कोठडीची. पूर्वी पंधरा दिवसांची कोठडी अटकेनंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांतच घेता येत असे. आता ती गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्यांनी घेता येते. आरोपी आजारपणाचे निमित्त करून तपास चुकवीत, हे खरे. पण त्याबरोबरच ठाण्यात परत नेले जाण्याचे भय दोन महिने डोक्यावर टांगते राहते, हेही खरे. तिसरी शंका अधिक मूलगामी आहे. कायद्याने दिवस मोजून दिले, पण बहुतेक ठिकाणी ते दिवस उलटले तर काय, याचे उत्तर दिलेले नाही. ज्या मुदतीच्या उल्लंघनाला परिणाम नाही, ती मुदत हळूहळू सदिच्छा होऊन जाते.

राजद्रोहाचे कलम गेले, ही विजापूरकरांच्या गावाला समाधान देणारी गोष्ट आहे. त्या जागी देशाचे सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता यांना धोका पोहोचवणाऱ्या कृत्यांसाठी १५२ वे कलम आले. शासनाविरुद्धच्या अप्रीतीला गुन्हा मानणे आणि देश तोडण्याच्या प्रयत्नाला गुन्हा मानणे यांत महदंतर आहे. शासनाच्या धोरणांवरील टीका या कलमात बसत नाही, असे स्पष्टीकरण कलमाला जोडलेले आहे. तथापि जन्मठेपेपर्यंतची शिक्षा असलेले हे कलम जपून वापरले पाहिजे. सत्ता आज एकाच्या हाती असते, उद्या दुसऱ्याच्या. कलम मात्र तेच राहते.

कायदा करताना समाजाला विश्वासात घेतले नाही, तर काय होते, याचा धडा जानेवारी २०२४ च्या पहिल्याच दिवसांत मिळाला. अपघात करून, पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद करणाऱ्या १०६(२) कलमाविरुद्ध मालवाहतूकदारांनी चाके थांबवली आणि महाराष्ट्रातील शहरांत पेट्रोल पंपांपुढे रांगा लागल्या. शेवटी ते पोटकलम वगळून बाकीची संहिता लागू झाली. रस्त्यावर तडफडणाऱ्या जखमीला सोडून पळणे हा अपराधच आहे, याविषयी दुमत असू नये. पण थांबलो तर जमाव ठार मारील, ही चालकाची भीतीही खोटी नव्हती. घटनास्थळावरून दूर जाऊन पोलिसांना कळवले तरी कलमाची पूर्तता होते, हे त्याला आधी कोणी समजावून सांगितले असते, तर कदाचित तो संघर्ष टळला असता.

साधनांचा प्रश्नही तितकाच मोठा आहे. सात वर्षे आणि त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी भेट द्यावी, असा नियम आहे आणि त्याच्या पूर्ण अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत दिली आहे. कोल्हापुरात प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे, ही आपली जमेची बाजू. पण आजरा, चंदगड, शाहूवाडीच्या दुर्गम वाडीवर मध्यरात्री घटना घडली, तर तज्ज्ञ, वाहन आणि उपकरणे वेळेत पोहोचतील इतके मनुष्यबळ उभे केल्याशिवाय कलम कागदावरच राहील. न्यायाधीशांची पदे रिकामी असतील, तर साठ दिवसांची मर्यादा कोण पाळणार? त्यातच १ जुलै २०२४ पूर्वीचे गुन्हे जुन्याच दंड संहितेखाली चालणार असल्यामुळे न्यायालयांत दोन कायदे शेजारी नांदत राहणार आहेत. पूर्वी ४८२ म्हटले की खटला रद्द करण्याचा अर्ज समजत, आता त्याच क्रमांकाखाली अटकपूर्व जामीन आहे. फसवणुकीचे कलम ३१८ झाले, तरी लबाडाला आपण 'चारसोवीस'च म्हणत राहू. वकील, पोलीस आणि पक्षकार यांना हा संक्रमणकाळ संयमाने पार पाडावा लागेल.

या सर्व तरतुदींना शेवटी ज्या दाराशी न्याय मागायचा, ते दार जवळ असणे किती महत्त्वाचे, हे सर्किट बेंचने दाखवून दिले. विलीनीकरणापूर्वी कोल्हापूर संस्थानाचे स्वतःचे उच्च न्यायालय होते. १९४९ नंतर येथील पक्षकाराला पावणेचारशे किलोमीटरचा प्रवास, मुंबईतील मुक्काम आणि बुडालेली मजुरी सोसूनच उच्च न्यायालयाचे दार ठोठावता येई. तुरुंगातील मुलाच्या जामिनासाठी म्हैस विकून मुंबई गाठणाऱ्या बापाचा न्याय आणि दादर-फोर्टमध्ये राहणाऱ्याचा न्याय एकाच किमतीचा कसा म्हणता येईल? सहा जिल्ह्यांतील वकिलांनी, सामाजिक संघटनांनी आणि नागरिकांनी चार दशकांहून अधिक काळ हा लढा दिला. मोर्चे काढले, कामकाजापासून दूर राहिले, उपोषणे केली, आश्वासने ऐकली, निराश झाले आणि पुन्हा उभे राहिले. त्यातून बेंच आले. कायद्याच्या पुस्तकातील हक्क प्रत्यक्षात उतरवायला किती चिकाटी लागते, याचे यापेक्षा जवळचे उदाहरण नाही.

हीच चिकाटी आता प्रत्येक वस्तीत, प्रत्येक गावात हवी आहे. शासनाने कायदा केला, म्हणजे आपले कर्तव्य संपले, ही वृत्ती समाजाला दुबळी करते. कार्यकर्त्यांपुढे येथे प्रत्यक्ष काम आहे. आपल्या शेजारचा माणूस फिर्याद द्यायला निघाला, तर त्याच्यासोबत ठाण्याची पायरी चढा. भांडायला नको, नुसते सोबत उभे राहा. एफआयआरची प्रत मागा. दखल घेतली नाही, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवण्याचा मार्ग त्याला दाखवा. नव्वद दिवसांची तारीख वहीत लिहून ठेवा आणि त्या दिवशी प्रगतीची विचारणा करा. पंच म्हणून बोलावले, तर तोंड चुकवू नका, कारण सुशिक्षित, निर्भय माणसाने पंच होण्याचे नाकारले की त्याची जागा सराईत पंच घेतो. दुकानातील सीसीटीव्हीचे चित्रण पोलिसांनी मागितले, तर द्या आणि त्यासोबतचे प्रमाणपत्र वाचून, समजून त्यावर सही करा. साक्षीला बोलावले, तर जा. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील नागरिक आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य विधी साहाय्य मिळते, तालुक्याच्या न्यायालयात त्यासाठी विधी सेवा समिती आहे आणि १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे, ही माहिती महिला मंडळात, तालमीत, दूध संस्थेत, शाळेच्या पालकसभेत पोहोचवा. हे सारे करताना एक पथ्य पाळले पाहिजे. फिर्यादी आपल्या ओळखीचा आहे की नाही, कोणत्या जातीचा, कोणत्या पक्षाचा, कोणत्या उपासनापंथाचा आहे, हे विचारून सोबत करायची नसते. जो कायदा केवळ आपल्या माणसासाठी मागितला जातो, तो कायदा राहत नाही, ती वशिलेबाजी होते.

नव्या संहितांच्या नावातून 'दंड' जाऊन 'न्याय' आला. हा बदल ग्रंथाच्या मुखपृष्ठापुरता राहणार की ठाण्यातील टेबलापर्यंत पोहोचणार, हे त्या टेबलासमोर उभा राहणारा नागरिक ठरवील. तो घाबरून, अर्धवट माहितीने, एकटा उभा राहिला, तर नवा कायदाही त्याला जुन्यासारखाच वागवील. तो आपला हक्क जाणून, शेजाऱ्याला बरोबर घेऊन, नम्रपणे पण ठामपणे उभा राहिला, तर कायद्याला शब्द पाळावाच लागेल. पूर्वजांनी 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' असे म्हटले, ते परक्यांच्या न्यायालयाच्या अनुभवाने म्हटले आणि स्वातंत्र्यानंतरही आपण त्यांना खोटे ठरवू शकलो नाही. आता कायदा आपल्या संसदेने केलेला आहे आणि उच्च न्यायालय सीपीआरसमोर भरते आहे. शहाण्यांनी पायरी चढण्याची वेळ आली आहे.